पहिल्या पानाचं प्रूफ

कल्लाप्पा पेंटरनं कादंबरी लिहिलीय,
जग संपल्यानंतरची.
खानापुरात स्टेशन रोडला माझं टेबल,
त्यावर वह्या आदळून म्हणाला,
बघा की बाई जरा, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं.

पहिल्या ओळीत भकास.
दुसरीत उजाड, ओसाड, भयाण.
तिसरीत काळंकुट्ट आभाळ
आणि त्याला टेकू दिलेली तीन उद्गारचिन्हं.
मी लाल पेन उघडलं.
कौलाच्या भट्टीतून राख ओढतात
तसे शब्द ओढत गेले बाहेर.

चिडला तो.
मग उरलं काय हो?
म्हटलं, तेच लिही.
उरलं काय.

बाकावर बसून, मांडीवर वही घेऊन लिहिलं:
मलप्रभेच्या पुलावर एक चप्पल होती.
अंगठा तुटलेली, डाव्या पायाची.
अंगठा तुटलेली, हे मी काढलं.
तुटलेलं म्हटलं की शिवून देणारा आठवतो,
तो आठवला की त्याचा दोरा, त्याचं मेण, त्याची शिवी,
जग परत थोडं सुरू होतं.
डावा पाय राहू दे.

मग त्यानं लिहिलं, गाडी येत नव्हती.
छे.
येत नव्हती म्हणजे वाट बघणारा कुणीतरी आहे फलाटावर,
घड्याळ आहे त्याच्या हातात, चिडायला वेळ आहे.
असं लिही:
साडेसातला गाडी येई.

येई.
शाळेत ह्याला रीतिभूतकाळ म्हणतात, मार्क दोन.
मी सव्वीस वर्षं शिकवला, फळ्यावर, खडूनं,
येई, जाई, बसे, मिळे,
आणि पोरं जांभया देत.
कधी लक्षात आलं नाही
की एवढ्याशा ईकारात
अख्खं गाव बुडून बसलंय.

कल्लाप्पा गप्प.
मग एकेक 'आणि' स्वतःच खोडायला लागला.
वाक्यं सुटी झाली,
एकमेकांकडे पाठ करून उभी.
रविवार होता. बाजार नव्हता.
हा एक 'नव्हता' मी दिला त्याला.
पुढच्या ओळीतला कापला.
दोनदा आला की ठेका धरतो,
ठेका धरला की कुणीतरी डोलतं.

शेवटची ओळ लिहायला त्याला वेळ लागला.
चाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस.
वरची ओळ केवढी, खालची केवढी,
कुठली लिपी किती इंचांनी लहान,
फूटपट्टी घेऊन उभे राहिलेले साहेब त्यानं पाहिलेत.
रात्री डांबर फासलेलं सकाळी रॉकेलनं पुसलंय,
दोन्हीकडची पोरं त्याच्याच डब्यातला ब्रश मागून नेत,
आणि त्यानं दिलाय,
दोन्हीकडच्यांना.

लिहिलं:
स्टेशनवरच्या पाटीची सगळी अक्षरं शाबूत होती.

वाचलं.
पेन उचललं, टेकवलं नाही.
डांबर नाही, ओरखडा नाही,
ह्या मुलखात पाटी अशी स्वच्छ
म्हणजे भांडायलासुद्धा
कुणी.

वाक्य पुरं करू नका बाई, तो म्हणाला,
तुम्हीच सांगितलंय.

शाबूत,
बू दीर्घ, बरोबर आहे.
एवढंच बोलले.
घसा कोरडा पडला होता.

तेवढ्यात चहाचं पोरगं दारात.
येरडा? म्हणालं.
दोन, म्हणाला कल्लाप्पा.
एकच आकडा, दोनदा.
इतकं बरं वाटलं मला
की मी तिसरा सांगितला, तुझ्यासाठी घे म्हणून.

चहा गार होत होता.
रस्त्यापलीकडे भोंगा.
साडेसातची गाडी आली, पाव तास उशिरा.

आली.
मी मनातल्या मनात क्रियापद तपासलं.